ओढ्यातून गाडी काढल्यावर काय काय बघायचं? फोर बाय फोरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून संपत आला की माझ्या फोनवर तेच तेच मेसेज सुरू होतात. कुणी ताम्हिणीकडून आलेलं असतं, कुणी वेल्ह्याकडून, कुणी मुळशीच्या मागच्या अंगाला एखाद्या फरशी पुलावरनं गाडी घालून आलेलं असतं, सोबत बॉनेटवर पाणी उडतानाचा व्हिडिओ आणि खाली "ताई, गाडीला काही होणार नाही ना?" मी मेकॅनिक नाही. कोथरूडला राहते, आधी बाबांची जुनी एमएम ५४० जीप चालवली, आता डिझेल थार आहे, आणि जे काही कळतं ते बरंचसं स्वतःच्या खिशाला चाट लावून कळलेलं आहे. दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. पाण्यात जावं की नाही हे इथे घेतलेलं नाही, वाहतं पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर माझं उत्तर "मागे फिरा" एवढंच असतं, पण मेसेज येतो तोवर तुम्ही जाऊन आलेले असता.

१. गाडी ओढ्यातून आरामात निघाली, घरापर्यंत मस्त आली, मग चेक कशाला करायचं?

कारण घरापर्यंत मस्त येणारच ती. पाणी इंजिनात गेलं तर लगेच कळतं, गाडी बंदच पडते (त्याचं प्रश्न ४ मध्ये). पण एक्सलमध्ये, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या कवचात, गेलेलं पाणी गप्प बसतं. असं होतं बघा, तासभर घाट चढून आलात की मागचा क्राउन, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलचा तो गोल भोपळा, हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला असतो, आतलं तेल गरम, आतली हवाही गरम. तो तसाच थंडगार पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदरमधून (एक्सलची हवा आत-बाहेर करायची नळी, प्रश्न ८) हवा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर ऑइल सीलच्या कडेनं पाणी. सील मुळात आतलं तेल बाहेर सांडू नये म्हणून बसवलेलं असतं, बाहेरचं पाणी अडवायला ते तितकंसं उपयोगाचं नाही.

माझंच सांगते. एका जुलैत वेल्ह्याच्या पुढे एक ओढा तीनदा पार केला, फोटो काढले, घरी आले, गाडी धुतली, विषय संपला. दिवाळीच्या आसपास साठच्या स्पीडला मागून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. टायरचा असेल म्हणून पंधरा दिवस काढले. पिरंगुटला नेहमीच्या मेकॅनिकने प्लग उघडला आणि खाली धरलेल्या डब्यात पाहून म्हणाला, "ताई, तेल कुठंय, हा तर चहा झालाय." बेअरिंगला गंजाचे बारीक खड्डे पडले होते, क्राउन पिनियनही, म्हणजे आतले गिअरही, गेलेले. त्या जुलैतच दीड-दोन लिटर गिअर ऑइल बदललं असतं तर सगळं वाचलं असतं.

२. किती पाणी म्हणजे "खोल" धरायचं?

माझं माप सोपं आहे, चाकाचा मध्य. थारचं चाक साधारण ७८ सेंमी उंचीचं आहे, म्हणजे हब जमिनीपासून ३८-३९ सेंमीवर. पाणी त्याच्या खाली राहिलं तर ब्रेक सुकवा आणि घरी जा. हबच्या वर आलं तर एक्सलची तेलं बघायचीच. आणि बंपर किंवा दाराच्या खालच्या पट्टीच्या वर आलं तर हे सगळं पान तुमच्यासाठी आहे.

कंपनी जो आकडा देते, म्हणजे थारला ६५० मिमी किंवा आपल्या आकुर्डीच्या फोर्सच्या गुरखाला ७०० मिमी, तो शांत पाण्यात हळू चालवल्यावरचा धरा. जोरात घातली की पुढे लाट तयार होते, आणि मागून दुसरा येत असेल तर त्याची लाट तुमच्या दारावर येते, तेव्हा ५०० चे ७०० कधी होतात कळत नाही. व्हिडिओ असेल तर घरी तो थांबवून थांबवून बघा, पाणी कुठपर्यंत आलं ते आठवणीपेक्षा व्हिडिओत खरं दिसतं.

३. पाण्यातून बाहेर आल्या आल्या तिथेच काय करायचं?

इंजिन लगेच बंद करू नका, चार-पाच मिनिटं चालू राहू द्या, अल्टरनेटर आणि बेल्ट गरमीने सुकतात. मग थोडी पुढे नेऊन अगदी हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहा, पाच-सात वेळा, पॅड पकडायला लागले हे पायाला कळेपर्यंत. ओल्या ब्रेकवर थेट घाट उतरायला घेणारे लोक मी पाहिलेत, पहिल्या वळणाला तोंडं पांढरी होतात.

मग खाली उतरून बॉनेट उघडा. इंजिनावर फिरणारा फॅन असेल तर पाण्यात त्याची पाती पुढे वाकून रेडिएटरला घासतात, जाळीवर गोल ओरखडा दिसतो. एअर फिल्टरच्या डब्याला पाणी कुठपर्यंत लागलंय ते बघा. गाडीखाली वाकून बघा, काही लोंबतंय का, काटक्या, वायर, प्लास्टिकची पिशवी शाफ्टला गुंडाळली आहे का. डॅशवर नवीन दिवा लागलाय का. आणि पुढची नंबर प्लेट आहे का! हसू नका, पाण्यात सगळ्यात जास्त हीच जाते. एका ओढ्याजवळच्या गावात पोरांनी सापडलेल्या प्लेटा बाभळीला ओळीने लटकवून ठेवलेल्या मी पाहिल्यात, आपली ओळखायची, पोरांना वडापावचे पैसे द्यायचे आणि न्यायची.

४. पाण्यात गाडी बंद पडली. सेल्फ मारून बघू का, कदाचित चालू होईल?

नाही. एकदाही नाही. या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सगळा घोळ तिथे आहे. २.२ लिटरच्या चार सिलिंडर डिझेलमध्ये एका सिलिंडरला साधारण ५४५ सीसी येतात, आणि पिस्टन पूर्ण वर गेल्यावर त्यातली जागा उरते ३५ सीसीच्या आसपास. म्हणजे खोकल्याच्या औषधाची साडेतीन झाकणं. त्याहून जास्त पाणी आत असेल आणि पिस्टन वर यायला लागला तर पाणी हटत नाही, मग वाकतो तो पिस्टनला खालून धरणारा कनेक्टिंग रॉड. चालत्या इंजिनात हे झालं तर ठोका लागून जागेवर थांबतं. कधीकधी मात्र इंजिन पाणी पुरेसं आत जायच्या आधीच बंद पडलेलं असतं, काहीही वाकलेलं नसतं, आणि मालक घाबरून सेल्फ मारतो आणि तेव्हा वाकवतो. मेकॅनिकला विचारा, अशी हाफ इंजिनची, म्हणजे इंजिन अर्धं खोलायची, कामं दर पावसाळ्यात येतात.

मग करायचं काय, तर चावी बंद, न्यूट्रल, टोचन करून बाहेर. बॅटरीची मायनस वायर काढा. एअर फिल्टर उघडा, फिल्टर कोरडा आणि त्याच्या पुढचा पाइप आतून कोरडा असेल तर बहुतेक पाणी इंजिनापर्यंत गेलं नाही, बंद पडायचं कारण इलेक्ट्रिकल असू शकतं. ओला असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं, तो ग्लो प्लग किंवा इंजेक्टर (पेट्रोलला स्पार्क प्लग) काढून मग इंजिन फिरवतो, पाणी त्या भोकांतून पिचकारीसारखं उडतं. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा छोटा रेडिएटर) आणि त्याचे पाइप काढून ओतून बघायला सांगा, तो खालच्या बाजूला असतो आणि त्यात पाणी साठून राहतं, सिलिंडर कोरडे केले आणि इंटरकूलर विसरला तर चालू केल्यावर तेच पाणी परत आत.

"मी तर सेल्फ मारला आणि चालू झाली" असंही येतं. बरं झालं. पण इंजिन थरथरतंय, ठोकल्यासारखा आवाज आहे, धूर वाढलाय, यातलं काही असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. थोडा वाकलेला रॉड काही दिवस चालतो आणि मग हायवेवर ब्लॉक फोडून बाहेर येतो.

५. एअर फिल्टर फक्त दमट आहे, चिंब नाही. चालेल का?

पावसाळ्यात दमटपणा असतोच. फिल्टरच्या बाहेरच्या, म्हणजे घाणेरड्या बाजूला चार थेंब आणि डब्याच्या तळाशी थोडं पाणी, तर पुसा आणि डब्याचं खालचं भोक चिखलाने बुजलंय का ते काडीने बघा. पण आतली, स्वच्छ बाजू ओली असेल किंवा कागदाच्या घड्या फुगून चिकटल्या असतील तर फिल्टर टाका. हेअर ड्रायरने वाळवून परत बसवू नका, नवीन काही फार महाग नसतो.

६. ऑइलमध्ये पाणी गेलंय हे घरी कसं ओळखायचं?

इंजिनचं आधी बघू. सकाळी, गाडी थंड आणि सपाटीला असताना डिपस्टिक काढा. तेलाची पातळी आधीपेक्षा वर आहे? रंग दुधी, तपकिरी, कॉफीसारखा? तर सुरू करू नका. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर भाजी आणायला फिरवलेल्या गाड्यांनाही ती येते, इंजिन नीट तापत नाही म्हणून.

एक्सल आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) डिपस्टिक नसते, तिथे रात्रभराची युक्ती. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी तळाला बसतं. सकाळी न हलवता खालचा ड्रेन प्लग अगदी पाव वेढा सैल करा, खाली कागदी कप धरा, आणि पहिले चार-पाच थेंब बघा. पाणी असेल तर आधी तेच येतं, मग तेल. लगेच परत आवळा. गाडी चालवून आल्यावर बघत असाल तर पाणी वेगळं दिसणार नाही, सगळं घुसळून दुधी झालेलं असतं, तेही चालेल, रंगावरून कळतंच. एक गोष्ट मात्र कायम, आधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतोय याची खात्री करा आणि मगच खालच्याला हात लावा. खालचा उघडून सगळं तेल सांडलं आणि वरचा गंजून सुटेना, असं होऊन रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलेला माणूस मी स्वतः पाहिलाय (आरशात).

नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर तव्याची टेस्ट. जुना, टाकाऊ तवा चांगला तापवायचा, चष्मा घालायचा, गॅस बंद करायचा आणि तेलाचा एकच थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी आहे, गुपचूप पसरून धूर सोडला तर नाही. भाकरीचा तवा घेऊ नका. घेतला तर मला सांगू नका.

७. एकूण किती ऑइलं बघायची आणि दरवेळी सगळी बदलायची का?

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शिअल, मागचा डिफरन्शिअल, अशी पाच. दरवेळी बदलायची गरज नाही, दरवेळी *बघायची* गरज आहे. स्वच्छ असेल तर राहू द्या. दुधी असेल तर बदला, आणि एकदा बदलून भागत नाही, कोपऱ्यात पाणी राहतं, म्हणून ५०-१०० किमी फिरवून परत एकदा काढून बघा, परत दुधी आलं तर परत बदला. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, एक्सलला बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल असतं पण सगळ्या गिअरबॉक्सला ते चालत नाही, त्यामुळे दुकानदाराने "सगळीकडे हेच जातं" म्हटलं तरी मॅन्युअल उघडा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी जास्त सावध राहायचं. लाल तेल गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी चालवू नका, उचलून न्या. आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर पाण्याने सुटायला लागतं, आणि तिथे नुसतं तेल बदलून सुटका होईलच असं नाही.

८. ब्रीदर ब्रीदर सगळे म्हणतात, तो असतो कुठे आणि बघायचा कसा?

एक्सलच्या वरच्या अंगाला छोटीशी नळी किंवा टोपीवालं बोंडूक असतं, तो ब्रीदर. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर, थंड झाली की तिथून आत (का ते प्रश्न १ मध्ये). तो चिखलाने बुजला की गाडी तापल्यावर दाब वाढून सील तेल गाळायला लागतात, आणि पाण्यात गेल्यावर उलटं, सीलमधून पाणी आत. टोपी बोटाने फिरवून बघा, हलली पाहिजे. नळी असेल तर गाडीकडची बाजू काढून तोंडाने फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. जुन्या जीपांना ब्रीदर एक्सलवरच असतो, त्याला नळी जोडून ती इंजिनच्या बाजूला उंचावर नेऊन बांधता येते, काही मीटर पाइप आणि क्लिपा, नाना पेठेत सहज मिळतात. स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप), लाइटबार, विंच यांच्या आधी हे करा असं मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही, कारण हे फोटोत दिसत नाही.

९. दुसऱ्या दिवशी ब्रेक कुरकुरतात, कधी मागचं चाक जामच होतं. का?

मागे ड्रम असेल, थारला आहेत, तर आत गाळ शिरतो पण बाहेर पडत नाही. पाणी सुकलं की तो आत पॉलिश पेपरसारखं काम करतो. ड्रम काढून साध्या पाण्याने धुवायचा, सुकवायचा, लायनर बघायचे, हे तासाभराचं काम आहे. डिस्कवरचा नुसता केशरी गंज असेल तर दोन-चार ब्रेक मारले की जातो, त्याचं टेन्शन नको, पण पॅड आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला तर भयानक चिरकतं आणि लोकांना वाटतं बेअरिंग गेलं.

जाम व्हायचं कारण बहुतेक हँडब्रेक. ओल्या ड्रमवर रात्रभर ओढून ठेवला की लायनर चिकटतो. पाण्यातून आलेल्या दिवशी सपाट जागी गिअरमध्ये लावा आणि चाकाला वीट लावा. उतारावर मात्र हँडब्रेक लावाच, चिकटलेला सोडवता येतो.

१०. क्लच घसरतोय, किंवा सकाळी गिअरच पडत नाही.

पाण्यात असताना क्लच दाबलात ना? प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये फट पडते आणि गढूळ पाणी आत जातं. म्हणूनच एक गिअर धरून पार करायचं असं सांगतात. नुसतं पाणी असेल तर थोडं चालवल्यावर घसरणं थांबतं. गाळ असेल तर थांबत नाही, आणि क्लच दाबल्यावर किरकिर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बघा. सकाळी गिअर पडत नसेल तर प्लेट गंजून चिकटली असावी, इंजिन आधी नीट तापवून मग प्रयत्न करा, जोर लावून गिअर कोंबू नका. काही गाड्यांना बेल हाउझिंगच्या, म्हणजे क्लचच्या कवचाच्या, तळाशी छोटं भोक असतं, ते चिखलाने बंद असेल तर मोकळं करा, पाणी आपोआप निथळतं.

११. चाकातून घरघर येतेय आणि ८० ला स्टेअरिंग थरथरतंय. बेअरिंग गेलं?

आधी रिमच्या आत बघा. अर्धा किलो चिखल एका बाजूला वाळून बसला की बॅलन्सिंग पार बिघडतं, आणि लोक त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे देऊन येतात. आतून खरवडून धुवा आणि परत चालवून बघा.

तरी घरघर राहिली तर गाडी जॅकवर (स्टँड लावून, नुसत्या जॅकवर नाही), चाक बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा, खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हाताने फिरवा, हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. वर असतानाच शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का बघा आणि प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटला ग्रीस निपल असतील तर ग्रीस भरा, जुनं पाणीमिश्रित करडं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत.

१२. एबीएसचा किंवा फोर बाय फोरचा दिवा लागलाय.

बऱ्याचदा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी. सेन्सर धुऊन एक दिवस सुकू द्या. नाही गेला तर स्कॅनर लावा, कोड नुसता डिलीट करून आनंद मानू नका, कुठल्या चाकाचा आहे ते लिहून घ्या आणि त्याचा कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट पूड दिसली की समजायचं पाणी बसलं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, सुकवायचं. बॅटरी आधी काढायची.

फोर-लो (चारही चाकं, कमी वेगाचा गिअर), लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) हे सगळं मोकळ्या कच्च्या मैदानात एकदा लावून-काढून बघा. डांबरावर नाही. आणि जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनो, तुमचा प्रश्न नेहमी तोच असतो, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा.

१३. पायाखालचं कार्पेट ओलं आहे. उन्हात वाळवलं की झालं ना?

जुलैत पुण्यात ऊन कुठून आणणार? आणि वरचं कार्पेट वाळतं, त्याच्या खालचा फोम नाही, तो आठवडे ओला राहतो. काच आतून रोज धुरकट होतेय आणि कुबट वास येतोय म्हणजे फोम ओला आहे. सीट काढून, कार्पेट उचलून खालून पंखा लावावा लागतो. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत, बॅटरी काढल्याशिवाय आणि माहीत असल्याशिवाय हात लावू नका. फ्लोअरला ड्रेन प्लग असतील तर उघडून पाणी सोडा आणि *परत लावा*, नाहीतर पुढच्या ओढ्याला कारंजं बघायला मिळतं.

१४. वॉशिंग सेंटरला प्रेशरने खालून मारून घेतलं की काम झालं?

अर्धं. रॅम्पवर खालून धुणं हवंच, विशेषतः स्किड प्लेटच्या (गाडीखालचा संरक्षक पत्रा) वर, चॅसिसच्या पोकळीत आणि चाकांच्या मागे, तिथे किलोने चिखल बसतो आणि महिनाभर ओल धरून ठेवतो. पण ती गन जवळून सील, ब्रीदर, कनेक्टर आणि रेडिएटरच्या पात्यांवर मारली तर ओढ्यात गेलं नाही ते पाणी इथे जाईल. रेडिएटर साध्या पाइपने, जमलं तर इंजिनच्या बाजूने पुढे. भातखाचरातला चिखल वाळायच्या आत धुवा, वाळला की पात्यांमधून निघत नाही, आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते.

१५. डिझेलमध्ये पाणी गेलं असेल तर?

टाकीचं झाकण आणि व्हेंट धड असेल तर सहसा जात नाही. फिल्टरचा पाण्याचा दिवा लागला तर पुढे रेटू नका, फिल्टरच्या खालचा नॉब सैल करून काचेच्या बरणीत काढा, पाणी खाली वेगळं दिसतं. कॉमन रेलचे, म्हणजे आताच्या जास्त दाबाच्या डिझेल इंजिनांचे, इंजेक्टर पाण्याला अजिबात माफ करत नाहीत.

१६. माझ्या गाडीला स्नॉर्केल आहे, मग हे सगळं कशाला?

स्नॉर्केल फक्त इंजिनाच्या नाकासाठी आहे. एक्सल, क्लच, अल्टरनेटर, कार्पेट, यांना त्याचा काही उपयोग नाही. बाहेरून बसवलेलं असेल तर त्याचे जोडही बघा, क्लॅम्प सैल असेल तर पाणी तिथूनच आत जातं, वरचं तोंड कितीही उंच असू दे.

१७. कोकणात किनाऱ्यावर गाडी खाऱ्या पाण्यात गेली. काही वेगळं करायचं?

वेळ महत्त्वाची. ओढ्याचं पाणी असेल तर उद्या सकाळी बघितलं तरी चालतं, खारं असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने भरपूर धुवायची, खालून, मागून, ब्रेकच्या आत, आणि पुण्यात आल्यावर परत. प्रेशरपेक्षा पाणी किती आणि किती वेळ हे जास्त महत्त्वाचं. कनेक्टर खाऱ्या पाण्याने झपाट्याने सडतात. आणि खरं सांगू का, किनाऱ्यावर गाडी घालूच नका, भरतीत अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढतानाचे व्हिडिओ दर सुट्टीला येतात, वर पोलिस केस.

१८. गाडी ओढ्यात नेलीच नव्हती, पार्किंगमध्ये बुडाली. तेच चेक करायचं?

नाही, हे जास्त वाईट. २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकता नगरीत किंवा २५ सप्टेंबर २०१९ ला आंबील ओढ्याच्या काठाने जो पूर आला त्यात गाड्या तासन्‌तास पाण्यात उभ्या होत्या, आणि ते पाणी ड्रेनेजचं. ओढा पार करताना पाण्याला शिरायला मिनिटभर मिळतं, इथे रात्र. त्यामुळे चावीसुद्धा फिरवू नका, इग्निशन ऑन केलं तरी ओल्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) शॉर्ट होऊ शकतो. पाणी कुठपर्यंत आलं होतं त्या रेषेचा फोटो काढा, बॅटरी काढा, टोचन. पाचही ऑइलं न बघता बदला.

इलेक्ट्रिक असेल तर घरी काहीच उघडायचं नाही. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं ते चाचणीत १ मीटर पाण्यात ३० मिनिटांचं आहे, रात्रभराचं नाही. गाडी इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब उघड्यावर ठेवा आणि कंपनीला बोलवा.

१९. सर्व्हिस सेंटरला नेली तर ते बघतील ना सगळं?

सांगितलं तर. मी एका सर्व्हिस सेंटरला "पाण्यातून गेलीय, डिफरन्शिअल बघा" म्हटलं, तर समोरचा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, मॅडम तुमचं ते ऑइल अजून ड्यू नाही. संध्याकाळी गाडी चकाचक धुऊन दिली, प्लगवरचा चिखल जसाच्या तसा. तेव्हापासून जॉबकार्डवर लिहूनच घेते, "पाण्यातून गेलेली आहे, पाचही ऑइलं तपासून रंग दाखवणे", आणि प्लग उघडताना शेजारी उभी राहते. केबिनमध्ये बसून फुकटची कॉफी पिऊ नका, काउंटरवरची पण नको आणि क्राउनमधली पण नको.

२०. इन्शुरन्स मिळतो का?

नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरमध्ये, पूर येतो, पण पाणी गेल्यावर सेल्फ मारून इंजिन मोडलं तर ते तुमच्यामुळे झालेलं नंतरचं नुकसान म्हणून नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो, आणि त्याच्याही अटी वाचायच्या. शर्यत किंवा तशी स्पर्धा असेल तर नेहमीच्या पॉलिसीत ती बाहेर असते. हौसेने ओढ्यात घातली असेल तर सर्व्हेअर प्रश्न विचारणारच, खोटं सांगू नका, तुमचा व्हिडिओ तुम्हीच टाकलेला असतो. स्नॉर्केल वगैरे बसवलं असेल तर आधीच कळवून ठेवा.

२१. सेकंडहँड फोर बाय फोर घेतोय. आधीच्या मालकाने पाण्यात घातली होती का, कसं कळेल?

सगळेच म्हणतात "फक्त हायवे रनिंग". ऑइलं प्रश्न ६ प्रमाणे बघा, पण विकायच्या आधी बदललेली असू शकतात, त्यामुळे जिथे कुणी साफ करत नाही तिथे बघायचं. सीटचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का. डॅशच्या खाली डोकं घालून स्क्रूंच्या डोक्यांवर गंज आहे का. हेडलाइटच्या आत मातीची आडवी रेघ. अल्टरनेटरच्या जाळीत वाळलेली माती. आणि सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटापर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात. मागच्या वर्षी मैत्रिणीसोबत एक गाडी बघायला गेले होते, पांढरीशुभ्र, पॉलिश केलेली, मालक गोड बोलणारा. बेल्ट ओढला तर शेवटची वीतभर पट्टी लाल मातीच्या रंगाची. मालकाने ती पाहिली, आम्ही पाहिली, आणि त्याने न विचारताच पंचवीस हजार कमी केले.